अहवालात नसलेलं

कणकुंबीच्या पुढं मोबाइलची शेवटची काडी विझते,
तिथं आम्ही गाडीचे दिवे मालवून बसलोय,
केए बावीसची पाटी मुद्दाम चिखलानं माखून.
जानेवारी. रात्रीचा दीड.
काचेवर दोघांच्या श्वासांचं एकच धुकं.

कागदोपत्री आम्ही नवरा-बायको:
श्री. व सौ. होसमनी, काजूचे व्यापारी,
लोंढ्याला रेल्वे क्वार्टर्सच्या मागं दोन खोल्या.
पाच महिने दर रविवारी एकाच बाकावर.
समुवेल कन्नडमधून प्रार्थना करतो, मी मराठीतून,
तो 'तंदे' म्हणतो तेव्हा मी अजून 'पित्या'वरच असते,
आणि आमेन मात्र दोघांचं एकदम येतं.
अंगठी सरकारी खर्चातली.
पावती फायलीला जोडलेली आहे.

तीनदा सापळा लावला.
तीनदा ट्रक आला नाही.
मग पणजीहून साहेब बोलले, हळू आवाजात,
घरच्या माणसासारखे:
"रिबका, आतलंच कुणीतरी बोलतंय.
होसमनीवर लक्ष ठेव."

ठेवलं.
तो दाढी करताना त्याचा फोन उघडला.
त्याच्या बायबलची पानं झाडून पाहिली,
एक वाळलेलं सुरंगीचं फूल पडलं,
दांडेलीच्या बसचं तिकीट, आणि माझीच एक केसाची पिन.
पिन परत ठेवताना हात कापला.
पुराव्याच्या यादीत ती कुठल्या रकान्यात लिहायची?

म्हणून हा डाव.
साहेबांना सांगितलं: आज अनमोडच्या रस्त्यावर थांबतोय.
समुवेलला एकट्यालाच सांगितलं: चोर्ला.
आता ट्रक इथून आला, तर हा माझा माणूस स्वच्छ.
नाही आला,
तर माझ्या पर्समध्ये बेड्यांचा दुसरा जोड आहे.

संध्याकाळी जांबोटीच्या टपरीवरच्या पोरानं विचारलं होतं,
"कुणाची वाट बघूलाय, वैनी?"
मी म्हटलं, पाव्हण्यांची.

नोकरीची अकरा वर्षं मी एकच मागणं मागत आले:
प्रभू, गुन्हा घडू देऊ नकोस.
आज गुडघे स्टिअरिंगखाली आखडलेले, ओठ मिटलेले,
आणि मी मागतेय:
येऊ दे. बावीस किलो विष येऊ दे,
माझ्याच रस्त्यानं येऊ दे.
अशी प्रार्थना वर पोचते का,
की धुक्यातच कुठं अडते, मला ठाऊक नाही.

दोन.
एक गवा रस्त्यात येऊन उभा राहिला,
आमच्याकडं पाहिलं, कंटाळला, गेला.
समुवेलनं थर्मासच्या झाकणात चहा ओतला,
अर्धा स्वतः प्यायला, मग मला दिला.
अर्धा आधी का प्यायला?
शंका एकदा घरात शिरली
की चहालाही साक्षीला उभं करते.

दोन वाजून चाळीस.
खालच्या वळणावर
झाडांची खोडं एकेक करून पिवळी होत वर यायला लागली.
जड गिअर. मासळीचा वास आधी, ट्रक नंतर.
मी रडले का? नाही. मी दार उघडलं.
त्याआधीच तो रस्त्यावर होता,
खिळ्यांची पट्टी ओढत, जॅकेट न घालता,
मूर्खासारखा, माझ्या बाजूनं.

पुढचं सगळं अहवालात आहे:
टायर फुटल्याची वेळ, बर्फाखालची पाकिटं, दोन अटका,
एक गोळी, जी बॉनेटमध्ये राहिली.
आणि ड्रायव्हरच्या फोनमधला पणजीचा नंबर,
जो मला पाठ आहे.

उजाडताना जांबोटीच्या ठाण्याच्या पायरीवर
तो खरचटलेले तळवे धूत म्हणाला,
"पंधरा दिवस झाले,
प्रार्थनेत तू डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघतेस."
"तुला कसं कळलं?"
"माझेही उघडेच होते."

मी तांब्यातलं पाणी त्याच्या हातांवर धरून राहिले,
ते संपलं तरी.
सरकारी अंगठी परत जमा करायची मुदत
सोमवारी दुपारी चारपर्यंत आहे.